खुबा धरलाय : मालिशच्या खोलीतल्या नोंदी, जुलै ते सप्टेंबर २०२४

१ जुलै, सोमवार

आजपासून वही. दोनशे पानी, दोऱ्यानं पेन बांधलेली, आणि रात्री वेळ मिळेल तसं मोबाईलवर टाइप करून ठेवणार. मालिशचं काम करायला लागून सहा वर्षं झाली, त्याआधी तालमीत दहा वर्षं अंग चोळून घेतलं आणि दुसऱ्यांचं चोळलं, आणि एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त काय ऐकलं असेल तर "खुबा धरलाय रे, जरा बघ की". बघतो, चोळतो, माणूस उठून खोलीत चार पावलं टाकतो, लई हलकं वाटायलंय म्हणतो, पैसे देऊन जातो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत फोन. मित्र म्हणतो परत फोन येतो म्हणजे धंदा बरा चाललाय. असेल, पण मला ते खुपतं. कशानं बरं वाटतं, किती दिवस टिकतं, कुणाला अजिबात उपयोग होत नाही, यातलं काहीच मला छातीठोक सांगता येत नाही.

म्हणून ठरवलं, गौरी-गणपतीपर्यंत तीन-चार माणसं घ्यायची, आठवड्यातून दोनदा, पैसे अर्धे, आणि दरवेळी मोजायचं. मोजायचं काम वहिनींकडे. चुलतभावाची बायको, फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांनी एकच अट घातली, "भावजी, चोळा तुम्ही, मोजते मी, पण मी थांबा म्हटलं की थांबायचं."

टेबलाचं काम आजच उरकलं. सुताराला गेल्या वर्षी बत्तीस इंची करायला सांगितलं होतं आणि चूक माझीच, मी फोटो बघून सांगितलं. उभं राहून हात सरळ खाली सोडला की मूठ जिथं टेकते तेवढीच उंची पाहिजे, नाहीतर वजन जात नाही आणि सगळा जोर खांद्यातून मारावा लागतो. पाच इंच पाय कापून आणले. आता सत्तावीस. कोपर टेकवून बघितलं, झकास.

४ जुलै

तीन माणसं ठरली. रिक्षावाले मामा (वय ५१), टेलर मास्तर (५८) आणि गल्लीतल्या आक्का (६२). नावं लिहीत नाही.

वहिनींनी पहिल्यांदा काय केलं असेल तर कुणालाच झोपवलं नाही. उभं केलं आणि म्हणाल्या, दुखतंय तिथं एका बोटानं दाखवा. तिघंही खुबा दुखतोय म्हणत आलेले आणि तिघांची बोटं तीन ठिकाणी. मामांचं बोट मागं, ढुंगणाच्या मधोमध. आक्कांचं बाजूला, कमरेला पदर खोचतो त्याच्या खाली जे हाड हाताला लागतं त्याच्यावर. मास्तरांचं पुढं, प्यांटच्या खिशात हात घालतो तिथं.

मग वहिनी म्हणाल्या, आता ऐका, खुब्याचा खरा सांधा या तिन्ही जागी नाही. तो आत जांघेत आहे, खोल. सांध्याचं दुखणं असलं तर माणूस बहुतेक वेळा जांघेत दाखवतो, किंवा अंगठा मागं आणि बोटं पुढं असा पंजाचा चाप करून खुब्याला धरून दाखवतो. मी सहा वर्षं हे कुणालाच विचारलं नव्हतं. खुबा म्हटलं की पालथं झोपवायचं आणि मागून सुरू करायचं, एवढंच.

मोजमाप तीन ठरली. एक, उताणं झोपून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा आणि वरचा गुडघा टेबलापासून किती सेंटीमीटर वर राहतो ते टेपनं. दोन, खुर्चीत बसून मांडी न हलवता पाऊल बाहेरच्या बाजूला किती जातं, म्हणजे खुबा आत किती वळतो ते. साधारण तीस ते चाळीस अंश जायला पाहिजे. तीन, दुखणं दहापैकी किती. आणि महत्त्वाचं म्हणजे हे मालिश संपल्यावर लगेच एकदा आणि तिसऱ्या दिवशी परत एकदा. लगेचच्या आकड्यावर माझा विश्वास नाही, टेबलावरून उठल्यावर सगळ्यांनाच बरं वाटतं.

भिंतीला एक कागद पण चिकटवला: पोटरी सुजून गरम लागत असेल, पडल्यावर दुखायला लागलं असेल, ताप असेल, रात्री झोपेत सुद्धा दुखणं थांबत नसेल आणि वजन उतरत असेल, जांघेच्या मधल्या भागात बधिरपणा किंवा लघवीला अडचण असेल, तर हात लावायचा नाही, डॉक्टर.

८ जुलै

मामा. उजवा गुडघा टेबलापासून २४, डावा १५. दुखणं ६.

ढुंगणाच्या मोठ्या स्नायूच्या खाली एक लहान आडवा स्नायू असतो, पिरिफॉर्मिस. माकडहाडाच्या वरच्या चपट्या हाडापासून निघतो आणि खुब्याच्या बाजूच्या हाडाला जाऊन चिकटतो. त्याच्या खालून सायटिकाची नस जाते, आणि काही लोकांत तर ती त्या स्नायूच्या मधूनच जाते. म्हणून तिथं कोपर लावताना एक नियम, दाबल्यावर गोड दुखलं तर चालतंय, पण पायात मुंग्या किंवा झिणझिण्या गेल्या की कोपर लगेच दोन बोटं सरकवायचं. तालमीत हे कुणी सांगत नव्हतं, तिथं मुंग्या आल्या की म्हणायचे बरोबर शीर सापडली.

तेल एक चमचा, तिळाचं, कोमट. जास्त तेल झालं की हात नुसता घसरतो, आत जात नाही. आधी पाच मिनिटं तळहातानं गरम केलं, मग कोपर टेकवून हळूहळू वजन सोडलं, तीस-चाळीस सेकंद तसंच, आणि दुसऱ्या हातानं त्यांचा पाय गुडघ्यात दुमडून आत-बाहेर, आत-बाहेर. तिसऱ्या फेरीला मामांनी असा श्वास सोडला की बाहेर बसलेल्या मास्तरांनी आत डोकावून बघितलं.

लगेचचं माप १९. मामा खूश.

११ जुलै

मामांचं तिसऱ्या दिवसाचं माप २३. म्हणजे पाच सेंटीमीटर कमावले आणि त्यातले चार रिक्षात परत दिले. वहीत हे लिहिताना कसंतरीच वाटलं, पण वही त्याच्यासाठीच आहे.

आज अजून एक जण वाढला. आमच्या तालमीतलं पोरगं, २४ वर्षांचं, चांगली मेहनत करणारं. दोन महिने डाव्या जांघेत ओढतंय म्हणतोय, बैठका मारताना जास्त. वहिनी आषाढीसाठी माहेरी पंढरपूरला गेल्यात, २१ ला येणार, तोवर मोजायला कुणी नाही. म्हटलं पैलवान आहे, जांघ खेचली असणार, यात काय बघायचंय. आतल्या मांडीचे स्नायू दोरीसारखे ताठ होते, चोळले, मोकळा झाला, हसत गेला.

१२ जुलै

आक्का. हे सविस्तर लिहितो कारण माझ्या हातून चुकलं.

आक्कांचं दुखणं असं की उजव्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना बाजूचं हाड दुखतं आणि एका पायावर उभं राहून पावलाला लागलेलं धुताना तर डोळ्यात पाणी. बोट ठेवतात ते बरोबर त्या हाडावर. मी कुशीवर झोपवलं आणि हाडाच्या कडेला हाताला एक ताठ पट्टी लागली, तिच्यावर कोपरानं सरळ आडवं रगडलं. तालमीत शिकलेलं डोक्यात बसलंय, जिथं दुखतं तिथंच गाठ आणि गाठ फोडायची. आक्का सोशिक बाई. "लागतंय का?" विचारलं की "चालतंय बाळा, कर" म्हणत होत्या. दहा मिनिटं केलं.

१५ जुलै

आक्कांची सून सकाळी सातला दारात. "दादा, आईंना तीन रात्री झोप नाही." घरी जाऊन बघितलं तर हाडावर हिरवट-निळा वण, अंगठ्याएवढे दोन. दुखणं ५ वरून ८. आक्का वर मलाच चहा विचारत होत्या.

वहिनींना फोन लावला. बऱ्याच बोलल्या, सगळं लिहीत नाही. मुद्दा असा की त्या हाडावर ढुंगणाच्या बाजूच्या दोन स्नायूंचे टोकाचे दोर येऊन चिकटतात आणि हाडावर पाण्याच्या बारक्या पिशव्या असतात. तिथला त्रास म्हणजे बहुतेक वेळा ते दोर आधीच दाबून-दाबून चिडलेले असतात, आणि मी त्यांच्यावर अजून कोपर दिलं. तिथं गाठ नसते, फोडायचं काही नसतं. आणि ती मांडीच्या बाहेरची ताठ पट्टी, तिला चोळून लांब करू म्हणणं म्हणजे रिक्षाचा पट्टा चोळून लांब करू म्हटल्यासारखं आहे, एवढी ती जाड असते.

उपाय काय, तर आठ दिवस तिथं हात लावायचा नाही. डाव्या कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मधे जाड उशी, म्हणजे वरचा पाय खाली लोंबून दोर ताणला जाणार नाही. नळावर किंवा ओट्यापाशी एका खुब्यावर भार टाकून उभं राहायचं नाही. पायावर पाय टाकून बसायचं नाही. पैसे परत केले, आक्का घेत नव्हत्या, सुनेच्या हातात दिले.

१७ जुलै

आषाढी एकादशी. खोली बंद. साबुदाणा.

१९ जुलै

पैलवान तिसऱ्यांदा. दोनदा चोळून दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी परत तेवढंच दुखणं. आज पाय दुमडून छातीकडे नेताना मधेच अडकल्यासारखं झालं, स्नायू ताणला की जसं रबरासारखं लागतं तसं नाही, दारामागं खुर्ची असावी तसं. आणि जाताना जिन्यावरून उतरताना बघितलं तर डावा पाय टेकवताना अंग त्याच बाजूला झुकत होतं. तो म्हणाला सवय झालीय. मी काही बोललो नाही.

२२ जुलै

वहिनी आल्या. पैलवानाला खुर्चीत बसवून पाऊल बाहेर न्यायला सांगितलं. उजवं ३५ अंश. डावं ५, आणि तेवढ्यातच जांघेत कळ. वहिनींनी परत एकदा सावकाश केलं, मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या आणि विचारायला लागल्या. पडला होतास का, नाही. दारू, नाही. कधी ऍडमिट होतास का. होय, २०२१ ला कोविडमध्ये, अकरा दिवस, ऑक्सिजन लागला होता, स्टिरॉइडची इंजेक्शनं, घरी आल्यावर पण गोळ्या. गोळ्या किती दिवस? तो म्हणाला, बरं वाटत होतं म्हणून संपल्यावर अजून आणून घेतल्या, महिनाभर तरी.

वहिनी माझ्याकडं वळल्या. "भावजी, थांबा." एवढंच. चिठ्ठी दिली, हाडाच्या डॉक्टरांकडं जा आणि एमआरआयबद्दल विचार, नुसत्या एक्स-रेवर थांबू नको.

तीन वेळा चोळलाय मी त्याला. कागद भिंतीवर होता, पण त्या कागदात जांघेतलं दुखणं आणि अडकणारा सांधा नव्हता. आज रात्री लिहिलं.

२५ जुलै

पाऊस. पंचगंगा वाढत चाललीय, राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा दर तासाला सगळ्यांच्या फोनवर, ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी हे इथं शाळेतलं पोर पण सांगतं. २०१९ च्या महापुरापासून सगळे पावसाच्या आवाजानं दचकतात. खोलीतली गादी, तेलं, टेबल भावाच्या घरी वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं. काम बंद.

१ ऑगस्ट

पाणी उतरतंय. आमच्या खोलीत आलं नाही, नशीब.

पण या आठवड्यात वहीला फुकटात एक गोष्ट मिळाली. मामांची रिक्षा सहा दिवस बंद होती, रस्ते बंद म्हणून. मालिशही शून्य. आज माप घेतलं तर उजवा गुडघा १७! दुखणं ३. मी चार वेळा घाम गाळून जे टिकवू शकलो नाही ते घरी बसून झालं, आणि घरी बसून म्हणजे काय, तर शेजाऱ्यांचं सामान वर-खाली करत होते.

म्हणजे दुखणं सीटवर आहे. म्हटलं मामा, उद्या रिक्षा घेऊन या.

२ ऑगस्ट

मामा रिक्षासकट आले. बसून दाखवा म्हटलं. बसले ते सीटच्या मधोमध नाहीत, उजवीकडं सरकून, अर्धं बूड बाहेर, कारण वर्षानुवर्षं डावीकडं एक सीट जास्तीचं बसवायची सवय. आता शेजारी कुणी नसलं तरी अंग तिकडं जात नाही. उजव्या पायाखाली ब्रेक, तो सतत तयारीत. आणि उजव्या मागच्या खिशातून काय काढलं तर प्लॅस्टिकच्या पिशवीत लायसन, बॅज, आरसी, पीयूसी, देवीचा अंगारा, दहा-दहाच्या नोटांचं बंडल आणि भाच्याच्या लग्नाची पत्रिका, लग्न मार्चमध्ये झालंय. टेपनं मोजलं, साडेतीन सेंटीमीटर. बरोबर त्या आडव्या स्नायूवर. म्हणजे रोज दहा तास खालून एक कोपर लागलेलंच आहे, आणि मी आठवड्यातून दोनदा वरून दुसरं लावतोय.

पिशवी डॅशबोर्डच्या कप्प्यात गेली. अंगारा वरच्या खिशात, त्यावर तडजोड नाही म्हणाले, बरोबरच आहे.

संध्याकाळी पैलवानाचा फोन. एक्स-रेत फारसं काही दिसलं नव्हतं, एमआरआयमध्ये दिसलं. एव्हीएन. मांडीच्या हाडाचा वरचा जो गोळा खोबणीत बसतो त्याचा रक्तपुरवठा कमी होऊन आतलं हाड मरायला लागतं. दुसरी स्टेज, म्हणजे गोळ्याचा आकार अजून शाबूत आहे, बसलेला नाही. डॉक्टर म्हणाले वेळेत आलास. कुस्ती बंद, बैठका बंद, डाव्या पायावर भार नाही, कुबड्या, आणि गोळ्यात भोकं पाडून आतला दाब कमी करायचं लहान ऑपरेशन असतं ते करायचं का हे पुढच्या आठवड्यात ठरणार.

स्टिरॉइडनं हे होऊ शकतं हे हाडाच्या डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत आहे. मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच कोविडनंतर एव्हीएन झालेल्या तीन पेशंटबद्दल लिहिलं होतं, तिघंही चाळिशीच्या आतले, तेव्हा पेपरात आलं होतं. वाचलं असणार मी, आणि पान उलटलं असणार. औषध वाईट असं म्हणत नाही, त्या औषधानंच तेव्हा माणसं वाचली. महिनाभर आपल्या मनानं खाल्लेल्या गोळ्यांचं मात्र कुणी धरलंच नव्हतं.

५ ऑगस्ट

तालमीत गेलो, वस्तादांना सांगायला. लाल माती भिजवून ठेवलेली, ताक-हळदीचा तो वास, दहा-बारा पोरं जोर मारत होती. वस्ताद ऐकून घेऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या वेळी जांघेत धरलं की दोरी धरून मांडीवर उभं राहायचे, आणि जो बरा झाला नाही तो गावाकडं जायचा. तो कशानं गेला हे कुणी बघितलंय?"

आता तालमीत जांघ धरलेलं पोरगं आलं की आधी खुर्चीत बसवून पाऊल वळवून बघायचं असं ठरलंय. दोन पोरांना वहिनींनी शिकवलं.

१२ ऑगस्ट

मास्तरांच्या दुकानात गेलो. टेबलावर चार आठवडे मास्तरांचं अडलेलंच होतं, दुखणं ५ वरून ३, तिसऱ्या दिवशी परत साडेचार, ठरल्यासारखं. राखीपौर्णिमा पुढच्या सोमवारी, दुकानात ब्लाउजचे गठ्ठे, मास्तर मान वर करत नव्हते, म्हणून मी बाकड्यावर बसून नुसतं बघितलं. तासभर.

पूर्वी पायमशीन होतं तेव्हा दोन्ही पाय खालीवर चालायचे. आता मोटर. फक्त उजव्या पायाचा पंजा पेडलवर, आणि सोडायचा नसतो म्हणून टाच अधांतरी, मांडी किंचित उचललेली. शिलाई धावते तेव्हा दाब, कोपरा आला की उचल, काजाला उचल, धागा तुटला की उचल. खिशाच्या जागी जो स्नायू आहे त्याचं काम मांडी उचलून आत वळवायचं, म्हणजे हा बिचारा दिवसभर हातात पिशवी धरून उभ्या असलेल्या माणसासारखा. स्टूल पण बुटकं, गुडघे खुब्यापेक्षा वर.

स्टूलावर सतरंजीची चार पदरी घडी टाकली, तीन इंच वाढले. पेडल चार बोटं जवळ ओढून खाली रबराचा तुकडा, म्हणजे टाच टेकून पंजानं दाबता येतं. मास्तर वैतागले, पहिल्या दोन शिलाया वाकड्या गेल्या म्हणाले. मला तर सरळच दिसल्या.

आणि प्रत्येक ब्लाउज संपला की उठून, एक पाय मागं टाकून, पुढचा गुडघा वाकवून वीस सेकंद उभं राहायचं. टायमर नको म्हणाले, ब्लाउज हाच टायमर.

१३ ऑगस्ट

वहिनींशी चहावर वाद. मी म्हटलं, मग मालिशनं होतं काय नक्की? गाठ फुटत नाही, स्नायू लांब होत नाही, घाण निघून जाते हे पण खोटं (मेहनतीनंतरचं लॅक्टिक ऍसिड तासाभरात शरीरच आपलं आपण उरकतं), मग मी सहा वर्षं काय करतोय?

वहिनी म्हणाल्या, दुखणं कमी होतं हे खोटं आहे का? ते खरं आहे, मोजलंय आपण. हात लागला, ऊब मिळाली, सावकाश दाब आला की मेंदू त्या जागेवरची राखण जरा ढिली करतो, स्नायू सोडतो. एक दिवस, फार तर दोन. तेवढ्या वेळात त्या माणसाला हलवून घ्यायचं, न दुखता हलता येतंय हे त्याच्या अंगाला कळलं पाहिजे. तुम्ही काय करता, चोळता आणि झोपा म्हणता.

बरोबर, मी झोपाच म्हणत होतो. गरम पाण्यानं अंघोळ करून झोपा.

१४ ऑगस्टपासून बदल: चाळीस मिनिटांतली पंचवीस मिनिटं मालिश, पंधरा मिनिटं हालचाल, टेबलावरच. उताणं झोपून कंबर उचलणं दहा वेळा, कुशीवर गुडघा उघडणं दहा वेळा, मग उठून खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. मामांना हे अजिबात आवडत नाही, म्हणतात मी चोळून घ्यायला येतो, शाळेत नाही.

२० ऑगस्ट

आक्का परत टेबलावर, महिन्यानं. हाडाला हात नाही. हाडाच्या वर पंख्यासारखा पसरलेला स्नायू आहे, कंबरेच्या हाडापर्यंत, त्याच्यावर फक्त तळहात, आक्कांनी दहापैकी तीनच्या वर म्हटलं की हलकं. आता "चालतंय बाळा" वर भरोसा नाही, बोटं दाखवायला सांगितलीत, त्यात आक्का खोटं बोलत नाहीत. नंतर भिंतीला पाठ लावून नाही, बाजू लावून उभं राहायचं आणि भिंतीकडचा पाय भिंतीत ढकलायचा, हलवायचा नाही, नुसता ढकलायचा, तीस सेकंद. दोर चिडलेला असला तरी त्याला असं काम दिलेलं चालतं म्हणाल्या वहिनी.

दुखणं ४. रात्री एकदाच जाग.

३० ऑगस्ट

आकडे, एकदाच लिहून टाकतो. मामा: उजवा २४ वरून १६, आणि तिसऱ्या दिवशीही १६-१७, दुखणं २. मास्तर: दुखणं दीड, पण गणपतीची गर्दी सुरू झालीय, बघू. आक्का: ३. माणसं तीनच, त्यामुळं यातनं मोठं काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, वहिनींनी पण दोनदा बजावलं. मामांच्या बाबतीत तर पिशवीचा वाटा जास्त की माझा, देवालाच माहीत.

एक कबूल करायचंय, तिसऱ्या दिवशीचे फोन बंद झाले आणि महिन्याचा हिशोब बसत नाहीये. नवीन माणसं येतायत पण. मामांनीच स्टँडवरनं तिघं पाठवलेत, खिशातली पाकिटं आधीच काढून.

११ सप्टेंबर

गौरी पूजन. आक्कांच्या घरी जेवायला बोलावणं. आक्का पाटावर बसून गौरीला फुलं वाहत होत्या, मांडी घालून नाही, एक पाय लांब सोडून, वहिनींनी सांगितल्यासारखं. उठताना सुनेचा हात घेतला नाही, गुडघ्यावर तळहात ठेवून उठल्या. मग माझ्याकडं बघून तीन बोटं वर केली, नंतर एक खाली केलं.

पुरणपोळी, कटाची आमटी, आळूची भाजी. मी सुद्धा नीट उठू शकत नव्हतो.

१४ सप्टेंबर

संध्याकाळी खोली झाडत होतो तर जिन्यावर टक, टक, टक. पैलवान. ऑपरेशन ऑगस्टच्या शेवटी झालं, अजून सहा आठवडे कुबड्या. तालमीतला एक पोरगा मागं पिशवी घेऊन. मी त्याला बघून उभाच राहिलो, काय बोलावं सुचेना, त्यानंच कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि टेबलाच्या कडेला बसला.

"दादा, खुब्याला हात लावू नको. खांदे चोळ. या कुबड्यांनी पार भरून आलेत."

काखेत बघितलं, कुबडीच्या वरच्या गादीनं लाल वळ उठलेले. म्हणजे हा सगळा भार काखेत टाकून चालतोय, तळहातावर नाही. हात वर केला तर मुंग्या येतात का विचारलं, नाही म्हणाला. मनगट, बोटं वळवून बघितली. वहिनींना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या मुंग्या नाहीत तर खांदे चालतील, पण आधी कुबड्यांची उंची बघा.

दोन छिद्रं खाली घेतल्या. खांदे, वीस मिनिटं, तेल एक चमचा.